मदत हवी आहे: उत्पादन खरंच वाढतंय हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडला राहतो. बाबांच्या ग्रॅच्युइटीतले काही पैसे एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या शेअरमध्ये आहेत. तिचं नवं उत्पादन येतंय. दिवाळीपर्यंत दुप्पट माल निघणार, अशी चर्चा ऑफिसात रोज चालते आणि भाव त्यावरच चढलाय.

मला टेस्लाचं मॉडेल ३ आठवतं. २०१७च्या तिसऱ्या तिमाहीत १,५०० गाड्यांचा अंदाज होता, बनल्या २६०. आठवड्याला ५,००० गाड्या २०१७ अखेर निघायच्या होत्या, तो आकडा गाठायला जून २०१८ संपत आला. गिऱ्हाईक रांगेत होतं. अडलं ते बॅटरी मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे सेल जोडून केलेले संच, बनवणाऱ्या लाइनवर. ज्यांनी धीर धरला त्यांना पुढे भरपूर मिळालं, हेही खरं. पण बाबा ६३ वर्षांचे आहेत.

बीएसईच्या साइटवरून ताळेबंद काढून वाचतोय. ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’ (उभारणी चालू असलेल्या, अजून वापरात न आलेल्या मालमत्तेवरचा खर्च) कमी होऊन रक्कम यंत्रसामग्रीत गेली, म्हणजे नवी लाइन सुरू झाली असं धरायचं का? कच्च्या मालाचा साठा वाढला तर ती तयारी, की कुठला तरी सुटा भाग न आल्याने काम अडलंय?

कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. शुक्रवारी कंपनीचे निकाल आहेत, त्याआधी बाबांशी बोलायचंय.