केस चालू असताना भरपाईचे पैसे मागायचे की नाही? सोलापूरकरांनो, बोला जरा

बाळीवेसची ताई:
परवा एका आईबरोबर कोर्टात गेले होते. कुठली, कोण ते सांगणार नाही, ओळख पटेल असं लिहायचं नसतं आणि तो गुन्हाही आहे. बाई विड्या वळते. पोरगी लहान आहे, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची) केस चालू आहे. आईच्या हातात साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती, मी म्हटलं बघू काय आहे, तर त्यात सिव्हिलचे केसपेपर, गोळ्यांची बिलं, पोरीचा शाळेचा दाखला (शाळा बदलावी लागली) आणि एक शंभर पानी वही. वहीत तेलुगूत लिहिलेलं, तारीख आणि पुढं आकडा. रिक्षा किती, कारखान्यातनं त्या दिवशी विड्या किती कमी गेल्या, पोरगी रात्री झोपत नाही म्हणून डॉक्टरकडं नेलं त्याचे किती. हिशोब कुणासाठी ठेवलाय विचारलं तर म्हणाली, कुणासाठी नाही, लिहून ठेवलं की बरं वाटतं.

आणि बाहेर बाकावर बसलेला तिचाच नातेवाईक तिला दहादा सांगत होता, पैशाचं नाव काढू नको, लोक म्हणतील पैशासाठी पोरीला उभं केलं.

मला हे अजिबात पटलं नाही. पोरीचं वर्ष गेलं, आईची कमाई गेली, झोप गेली, हे सगळं कुणी भरायचं? आरोपीला शिक्षा झाली तर तो सरकारचा हिशोब झाला, या पोरीचा कुठं झाला? मागायचे पैसे, उघड मागायचे, आणि ज्या संस्थेच्या आवारात झालं तिच्याकडूनही मागायचे. तुम्हाला काय वाटतं?

जुना कारकून:
ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझा विरोध आहे आणि तो का ते ऐका. माझं आयुष्य कोर्टातल्या फायली बांधण्यात गेलं. उलटतपासात बचावाचा वकील सगळ्यात शेवटी काय विचारतो माहीत आहे का? "तुम्हाला शासनाकडून रक्कम मिळाली हे खरं आहे का? किती मिळाली?" बस, एवढंच. मग खाली बसतो. ती बाई हो म्हणते आणि मान खाली घालते, आणि त्या मान खाली घालण्याचाच फायदा घेतला जातो. कायदा काय म्हणतो ते मलाही माहीत आहे, पण समोर बसलेली माणसंच असतात. म्हणून म्हणतो, आधी निकाल, मग पैसे. जीवावरचं दुखणं असताना हिशोबाची वही काढू नये.

काळा कोट, होटगी रोड:
काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण "आधी निकाल मग पैसे" हे कायद्याच्या उलटं आहे, आणि या एका समजुतीमुळं सोलापुरात किती अर्ज झालेच नाहीत ते मी रोज बघतो. पोक्सोच्या 2020 च्या नियमांमध्ये स्पष्ट आहे, एफआयआर नोंदवल्यानंतर कुठल्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम, म्हणजे निकालाआधीची भरपाई देऊ शकतं, अर्ज केला तरी किंवा न्यायाधीशांनी स्वतःहून ठरवलं तरी. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत रक्कम द्यायची असते. आरोपी सुटला, किंवा सापडलाच नाही, तरी भरपाई मिळू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357अ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 396 मध्ये आहे. अत्याचार सोसलेल्या बायका-मुलांसाठी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, 2017 मध्ये मर्यादा 10 लाखांपर्यंत वाढवली, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत जातो. ते ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, वकिलाची फी लागत नाही. बाई आणि मूल असेल तर उत्पन्न किती हेही कुणी विचारत नाही, विधी सेवांच्या 1987 च्या कायद्यातच तसं आहे.

आणि 4 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सत्र न्यायालयांना सांगितलंय की अशा केसमध्ये निकाल देताना भरपाईचा आदेश विसरायचा नाही. विसरतात म्हणूनच सांगावं लागलं ना.

आता तो उलटतपासातला प्रश्न. त्याला उत्तर आहे. "हो, मिळाली, कायद्यानं मिळाली, पोरीच्या औषधाला लागली." मान वर करून. साक्षीच्या आधी आपण पक्षकाराला सगळं समजावतो, मग हे का नाही समजावत?

मंगळवेढेकर:
वकीलसाहेब, कागदावरचं बरोबर आहे हो. गावात काय होतं ते बोलतो मी. पैशाचं दार उघडलं की चार पुढारी आलेच. "तो देतोय दोन लाख, जमिनीचा तुकडा विकून देतो म्हणतोय, मिटवा आता, पोरीचं लग्न व्हायचंय." मी स्वतः अशा बैठकीत बसलोय, लहान होतो, आमच्या भावकीतलीच मुलगी होती, कुणीतरी चहा आणला, कुणीतरी स्टॅम्पपेपर आणला, आणि मुलगी आत स्वयंपाकघरात होती, तिला कुणी विचारलं पण नाही. तिच्या बापानं अंगठा दिला. आजही ती मला रस्त्यात दिसली की मी दुसरीकडं बघतो. म्हणून भरपाई शब्द ऐकला की मला तो चहा आठवतो. पैसा नको, शिक्षा पाहिजे.

बाळीवेसची ताई:
दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, सोपं नसतं. पण तुम्ही सांगितलं ती भरपाई नव्हती, ते तोंड बंद करायचे पैसे होते. त्यात केस मागं घ्यायची अट होती. खऱ्या भरपाईत अट नसते. ती घेतली म्हणून तक्रार मागं घ्यायची नसते.

काळा कोट, होटगी रोड:
ताईंना जोड देतो. असे गुन्हे आपसात मिटवता येतच नाहीत. 7 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितलं की घरच्यांनी समझोता केला म्हणून केस रद्द होणार नाही. त्यामुळं मंगळवेढ्याच्या बैठकीतला तो स्टॅम्पपेपर कायद्यानं रद्दी आहे.

पण ताई, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे वेगळा दिवाणी दावा लावून आरोपीकडून, संस्थेकडून पैसे मागण्यावर, मी तुमच्या बाजूचा नाही. दावा लावायचा, नोटिसा बजवायच्या, मुद्दे काढायचे, पुरावा, परत उलटतपास, म्हणजे त्या मुलीनं तेच सगळं दुसऱ्यांदा सांगायचं. हुकूमनामा मिळाला तर पुढं वसुलीसाठी दरखास्त. आणि आरोपीच्या नावावर काय असतं, एक भाड्याची खोली आणि हप्त्यावरची गाडी. जप्ती कशाची करणार? मी पक्षकाराला दाव्याचा सल्ला देत नाही, मनोधैर्य आणि कोर्टाची भरपाई एवढंच सांगतो.

बाळीवेसची ताई:
आरोपी कंगाल असेल तर तुमचं बरोबर. पण संस्था? वसतिगृह, शिकवणी, शाळा, खेळाचं शिबिर? त्यांच्याकडं इमारती आहेत, ट्रस्ट आहे, बसगाड्या आहेत. माणूस नेमताना चौकशी केली नाही, आधीची तक्रार दाबली, मुलींच्या बाजूला पुरुष कर्मचारी ठेवला, हा त्यांचा निष्काळजीपणा नाही का? बदलापूरला 2024 च्या ऑगस्टमध्ये शाळेत झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला, शाळेवर बोट दाखवलं सगळ्यांनी. बोट दाखवण्याच्या पुढं आपण जात नाही.

अमेरिकेत चर्चमधल्या पाद्र्यांनी केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात बोस्टनच्या धर्मप्रांतानं 2003 मध्ये साडेपाचशेच्या आसपास लोकांना मिळून 8 कोटी 50 लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. मिशिगन राज्य विद्यापीठानं खेळाडूंवर अत्याचार करणाऱ्या जिम्नॅस्टिक्सच्या डॉक्टरच्या प्रकरणात 2018 मध्ये 50 कोटी डॉलर मान्य केले. आपल्याकडं तेवढं होणार नाही हे कळतं मला, कायदा वेगळा, कोर्टं वेगळी. पण तिथं संस्थांनी दारं-खिडक्या बदलल्या, नेमणुकीचे नियम बदलले, ते खिशाला चाट बसली म्हणूनच.

आणि परत सांगण्याचा त्रास म्हणालात तो खरा आहे, पण तो सोसायचा की नाही ते तिनं ठरवायचं. आपण दारच दाखवलं नाही तर ती ठरवणार कशी?

काळा कोट, होटगी रोड:
संस्थेच्या बाबतीत मान्य. नुकसानभरपाईचा दावा करता येतो, आरोपीबरोबर संस्थेलाही प्रतिवादी करता येतं. पुराव्याचं मापही वेगळं, फौजदारीत संशयाच्या पलीकडं सिद्ध करावं लागतं, दिवाणीत कुठली बाजू जास्त संभवनीय ते बघतात. फौजदारीत भरपाईचं जे कलम आहे त्यातच लिहिलंय की नंतर दिवाणी दावा झाला तर मिळालेली रक्कम तिथं विचारात घ्यायची, म्हणजे कायद्यानंच गृहीत धरलंय की माणूस दोन्हीकडं जाईल. कोर्ट फीची भीती घालतात लोक, पण महाराष्ट्र सरकारनं 1994 पासून हिंसाचाराच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ केलेली आहे. मीच हे पक्षकारांना सांगत नव्हतो, ते लक्षात आणून दिलंत.

नाव नको:
मी इथं फक्त वाचते, आज लिहितेय. वय 34. बारा वर्षांची असताना वसतिगृहात. कुठलं ते सांगणार नाही. सांगितलं होतं मी तेव्हा, तिथल्या बाईंना, त्या म्हणाल्या वार्षिक परीक्षा जवळ आल्यात, नंतर बघू. नंतर कधी आलंच नाही. ती बाईंची खोली, खिडकीत वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट होतं, मी बोलताना त्याच्याकडंच बघत होते, मला आजही सांडगे खाता येत नाहीत.

आरोपीबद्दल मला आता काही वाटत नाही, खरंच. त्या "नंतर बघू"बद्दल वाटतं. मला त्या संस्थेकडून एक रुपया जरी मिळाला आणि कागदावर लिहिलं गेलं की आमची चूक झाली, तरी मला पुरेल. वकीलसाहेब, मला काही करता येईल का आता?

काळा कोट, होटगी रोड:
ताई, तुम्हाला खोटी आशा देणार नाही. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असताना झालं असेल तर ती 18 पूर्ण झाल्यावर सुरू होते, म्हणजे 21 च्या आत दावा यायला हवा होता. आणि अपिलाला उशीर माफ होतो तसा दाव्याला होत नाही, कितीही खरं कारण असलं तरी. फौजदारी तक्रार मात्र आजही करता येते, गंभीर गुन्ह्याला अशी मुदत नसते. पोक्सो नाही लागणार कारण तो कायदा 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला, त्याआधीच्या घटनेला त्या वेळचा भारतीय दंड विधान. इतकी वर्षं झाल्यावर पुरावा अवघड जाईल, पण दार बंद नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100. ओळख गुप्त राहते, ते ठामपणे मागून घ्या.

बाळीवेसची ताई:
21! एकविसाव्या वर्षी मुलगी काय बोलणार हो, तेव्हा ती कॉलेजात असते, घरात लग्नाचं बघत असतात. कॅलिफोर्नियात 2020 पासून तीन वर्षं मुदत संपलेल्यांनाही दावे लावायला खिडकी उघडली होती. आपल्याकडं हा बदल मागायला पाहिजे, आमदार-खासदारांना निवेदन द्यायचं तर हे द्या. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून सुरू झालंय, सोलापूर त्याच्यातच येतं, मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज नाही. कुणीतरी वकिलानं हा मुद्दा तिथं न्यावा.

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड:
मी वेगळं विचारतो, रागावू नका. आमच्याकडं कारखान्यात बायका आहेत. उद्या कुणी पैशासाठी खोटं नाव घेतलं तर मालकानं काय करायचं?

बाळीवेसची ताई:
रागावत नाही. खोटं सिद्ध होण्याची भीती आहे म्हणून खऱ्याचं दार बंद करता येत नाही. तुमच्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणं अंतर्गत समिती लागते, केली आहे का? दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत. ती समिती भरपाईही ठरवू शकते. समिती नीट असेल तर खोटंही तिथंच उघडं पडतं.

जुना कारकून:
सगळं वाचलं. उलटतपासातल्या प्रश्नाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललं नाही, मी त्या बायकांचे चेहरे बघितलेत. पण एक मी सांगायचं राहिलं. किती तरी फायली मी बांधल्या ज्यात भरपाईचा अर्जच नव्हता, कारण कुणी सांगितलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही, माझं काम नाही म्हणून. ताई, त्या वहीचं काय केलंत?

बाळीवेसची ताई:
काका, ती वही तेलुगूत होती म्हणून अडलं होतं. काल संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक कॉलेजची मुलगी बसली, एकेक ओळ मराठीत लिहून काढली. बारा पानं झाली. शाळेच्या बदलाचा खर्च आईनं लिहिलाच नव्हता, तो त्या मुलीनं विचारून काढला. आज दुपारी प्राधिकरणात अर्जाला जोडून दिली. पोच घेतली आहे, शिक्का मारून. मनोधैर्यची रक्कम आली तर बरीचशी मुदत ठेवीत जाते, पोरीच्या नावानं, ते आईला समजावलं. तिनं एवढंच विचारलं, वही परत मिळेल का. मूळ वही तिच्याकडंच आहे, झेरॉक्स दिली.