मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रोजेक्टला टेस्ट कशा लावाव्यात म्हणजे नवीन लोक टिकतील?

नमस्कार मंडळी, मी आणि एक मित्र मिळून मराठी शुद्धलेखन तपासणारी एक छोटी पायथन लायब्ररी चालवतो, कोड गिटहबवर आहे. दोन वर्षं आम्ही दोघंच होतो, बदल केला की चार शब्द हाताने टाकून बघायचे आणि पुढे जायचं, टेस्ट (कोड बरोबर चालतोय का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) जेमतेम दहा. आता बाहेरची मुलं पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती) पाठवायला लागलीत आणि तिथेच सगळं अडतंय.

मागच्या महिन्यात एका मुलीने 'दऱ्या' हा शब्द चूक दाखवतोय म्हणून फिक्स पाठवला. तिच्या मशीनवर चालला, माझ्याकडे नाही. बराच वेळ घालवल्यावर कळलं की कोणी ऱ ला हलन्त देऊन य जोडतं, कोणी साध्या र् नंतर झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) टाकतं. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं पण आतले कोड पॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) वेगळे, आणि एनएफसी (मजकूर युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणणं) करूनही एक होत नाहीत. झेडडब्ल्यूजे सरसकट काढावं तर दऱ्याचा दर्या होतो, अर्थच बदलला!

त्यात पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट देणाऱ्याचं सीआय (गिटहबवर आपोआप टेस्ट चालवणारी सोय) मेंटेनरने, म्हणजे आमच्यापैकी कोणी, अप्रूव्ह केल्याशिवाय चालत नाही, ते बटण मी नऊ दिवस बघितलंच नाही. ती परत आली नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण शोध तिने बरोबर लावला होता.

आता डोक्यात असं आहे की एक टीएसव्ही फाइल (टॅबने रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) ठेवायची, एका ओळीत शब्द आणि तो बरोबर की चूक, पायटेस्टचं (पायथनमध्ये टेस्ट चालवायचं साधन) पॅरामेट्राइझ ती वाचून प्रत्येक ओळीची वेगळी टेस्ट करेल. म्हणजे कोड न येणारे शिक्षक, मुद्रितशोधकसुद्धा एक ओळ वाढवून मदत करू शकतील. माहीत असलेल्या चुका एक्सफेल स्ट्रिक्ट (म्हणजे 'ही टेस्ट फेलच व्हायला हवी, पास झाली तर ओरड') करून ठेवू, कोणी दुरुस्त केली की लगेच कळेल. (फाइल उघडताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) स्पष्ट लिहा हं, विंडोजवर एकाचं सगळं त्यामुळेच फेल झालं होतं.)

असं कोणी चालवलंय का? ओळी तपासायला कोण बसतं? आणि दुसरं, पहिल्याच फिक्सबरोबर टेस्ट मागितली तर नवखा माणूस बिचकतो का, की पहिल्या वेळी टेस्ट आपणच लिहून त्याच्याच ब्रँचवर (त्याने बदल केलेल्या कोडच्या प्रतीत) टाकावी? मित्र म्हणतो नियम सगळ्यांना एकच हवा, मला ते पटत नाहीये. तुमच्याकडे काय करता ते सांगा प्लीज.