गॅरी सिनीसचं कौतुक करून झालं असेल तर नानाबद्दल बोलू का आता?

खामल्याचा_जावई
काल एकाने लांबलचक पोस्ट टाकली होती, तुम्ही सगळ्यांनी वाचलीच असेल. अमेरिकेचा गॅरी सिनीस बघा, 'फॉरेस्ट गंप'मध्ये पाय गेलेल्या लेफ्टनंट डॅनचा रोल केला आणि पुढचं आयुष्य माजी सैनिकांना देऊन टाकलं, आणि आपले हिरो बघा, वर्दी घालून सॅल्यूट मारतात अन बाहेर आल्यावर पानमसाला विकतात. खाली "एकदम सही बोललात सर" वाल्यांची रांग. रात्री साडेअकराला मी उत्तर टाइप करून राहिलो होतो, बायको म्हणे झोपा आता, पण माझं डोकंच सरकलं होतं.

अरे मग नाना पाटेकर कोण आहे? १९९१ च्या 'प्रहार' पिक्चरसाठी त्याने मराठा लाइट इन्फंट्रीसोबत रीतसर ट्रेनिंग घेतलं, नाटकी नाही. आणि १९९९ ला कारगिल पेटलं तेव्हा पन्नाशीला आलेला हा माणूस शूटिंग सोडून तिकडे जाऊन राहिला. तुमचा सिनीस फौजेत एक दिवस तरी होता का? नव्हता. पण गोऱ्या माणसाने केलं की ते समर्पण, आपल्याने केलं की डायलॉगबाजी.

तर्री_जास्त
जावईबापू, पोस्ट माजी सैनिकांबद्दल होती. नाना कारगिलला गेला, मान्य, हात जोडतो. पण २०१५ ला मकरंद अनासपुरेसोबत 'नाम' फाउंडेशन काढलं ते शेतकऱ्यांसाठी, ते काम मोठंच आहे पण विषय तो नाही ना बे. रिटायर झालेल्या जवानासाठी आपल्या कोणत्या नटाने पंचवीस-तीस वर्षं सलग एकच काम केलं, एक नाव सांगा, मी उद्या झाशी राणी चौकात पोहे खाऊ घालतो.

खामल्याचा_जावई
अक्षय कुमार. 'भारत के वीर'. पोहे दोन प्लेट, तर्री अलग.

मीनल_सिव्हिल_लाइन्स
दोघेही अर्धवट माहितीवर भांडून राहिले. आधी सिनीसचं नीट घ्या. रोल केला म्हणून तो बदलला हे मुळात खरं नाही. तो नाटकवाला माणूस, १९७४ ला मित्रांसोबत शिकागोजवळ स्टेपनवुल्फ थिएटर काढलं, आणि ऐंशीच्या दशकातच व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तिथे फुकट प्रयोग अन जेवण ठेवायचे. कारण घरातच होतं. बायकोचे भाऊ व्हिएतनामला जाऊन आलेले, त्यातला एक पुढे कॅन्सरने गेला, त्याच्यावरून यांनी पोराचं नाव मॅक ठेवलं. तो मॅकही जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सरनेच गेला, तेहतिसाव्या वर्षी.
लेफ्टनंट डॅन १९९४ चा. ऑस्कर नामांकन मिळालं, पण त्याहून मोठं म्हणजे अपंग सैनिकांच्या संघटनेने त्याला अधिवेशनाला बोलावलं आणि तिथून तो त्यांचाच झाला. स्वतःचे पाय शाबूत, शूटिंगला निळं कापड गुंडाळायचे आणि कंप्युटरवर चित्रातले पाय गायब करायचे, एवढंच. पुढे नऊ सीझन 'सीएसआय न्यूयॉर्क' ही टीव्ही मालिका केली, आणि त्याच काळात 'लेफ्टनंट डॅन बँड' घेऊन छावण्यांमध्ये बास गिटार वाजवत फिरला. २०११ ला फाउंडेशन. जखमी सैनिकांना घरं बांधून देतात, व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, खालीवर होणारे ओटे, आणि घरावर एक पैशाचं कर्ज नाही.

तर्री_जास्त
अन आपल्याकडे 'फॉरेस्ट गंप'वरून 'लाल सिंग चड्ढा' काढला तर लेफ्टनंट डॅनच्या जागी कोण, सीमेपलीकडचा अतिरेकी 😂

खामल्याचा_जावई
आता पिक्चरची समीक्षा नको. आणि मीनल मॅडम, तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण अमेरिकेत पैसा आहे, देणगीवर टॅक्स वाचतो, इथली तुलनाच कायले करायची.

हिंगणा_रोड
'भारत के वीर'चं नाव घेतलं म्हणून लिहिते, नाहीतर वाचून सोडणार होते. एप्रिल २०१७ ला सुरू झालं, कल्पना अक्षय कुमारची, चालवतं गृह मंत्रालय. पण ते आर्मीसाठी नाही. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे निमलष्करी दलांसाठी आहे, आणि गेलेल्या जवानाच्या वारसाच्या खात्यात पैसे जातात. म्हणजे माणूस मेल्यावर. जिवंत राहिला तर काय?
माझा नवरा सीआरपीएफचा, गडचिरोलीत जखमी झाला, हेलिकॉप्टरने नागपूरला आणला. वाचला. आता चालतो, पण मांडी घालून बसता येत नाही. त्याला कुठे "माजी सैनिक" म्हणतात का? नाही. आमच्यासारख्यांना 'माजी सीएपीएफ', म्हणजे माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल, असा एक दर्जा २०१२ ला दिलाय म्हणे, तो कागदावरच. १ जानेवारी २००४ नंतर भरती म्हणून जुनी पेन्शनही नाही, आर्मीला आहे. पुलवामाला चाळीस गेले, आपल्या बुलढाण्याचे दोन होते, तेव्हा चौकाचौकात बॅनर लागले. मग आठवण कोणाला?

रिटायर्ड_सुभेदार_कामठी
ताई, तुमच्या मिस्टरांबद्दल पूर्ण आदर. पण आर्मीला पेन्शन मिळते ती काही खैरात नाही. आम्ही पस्तीस-चाळिशीत घरी पाठवले जातो, सीआरपीएफवाला साठपर्यंत नोकरी करतो. हा फरक कोणी लिहीत नाही.

हिंगणा_रोड
म्हणजे साठपर्यंत जंगलात झोपायचं ही पण मजाच ना काका? गोळी वर्दीचा रंग बघून लागते का?

रिटायर्ड_सुभेदार_कामठी
मी तसं म्हटलं नाही. शब्द तोंडात कोंबू नका.

तर्री_जास्त
झालं, सिनीस गेला, नाना गेला, आता आर्मी विरुद्ध सीआरपीएफ. माझ्या पोह्यांचं कोणी बघा.

हिंगणा_रोड
तुम्हाला पोहेच दिसतात. माझ्या घरी येऊन बघा एकदा, बाथरूमच्या उंबऱ्यावर तो रोज कसा पाय टाकतो. मिस्त्रीला बोलावलं तर म्हणे, उंबरा काढला की पाणी बाहेर येईल. तीन महिने झाले.

तर्री_जास्त
सॉरी ताई. खरंच.

रिटायर्ड_सुभेदार_कामठी
उंबऱ्यावरून आठवलं, राजेहो. माझा एक जोडीदार आहे, डावा पाय गुडघ्याखालून नाही, पुण्याच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरचा पाय लावतो. मागे २६ जानेवारीला शहरातल्या एका सभागृहात आमचा सत्कार ठेवला होता. स्टेजला सात पायऱ्या, रॅम्प नाही, कठडा नाही. निवेदक माइकवर "या वीराला उभं राहून मानवंदना" म्हणून राहिला, सगळे उभे, टाळ्या, देशभक्तीचं गाणं फुल व्हॉल्यूम, आणि हा खाली उभा राहून पायऱ्या मोजतोय. मी खांद्याखाली हात घालून चढवला. शाल, श्रीफळ, फोटो. फोटो झाला की संपलं, पुढचा पाहुणा. उतरताना एका हातात नारळ, एका हातात काठी, अन शाल पायात यायला लागली. तिसऱ्या पायरीवर त्याने नारळ सोडून दिला. तो टणटण करत पहिल्या रांगेपर्यंत गेला, पोट्टे हसले. दोघांत एक रिक्षा करून घरी आलो, वाटेत तो एकच बोलला, "पुढच्या वेळी हार पोस्टाने पाठवा म्हणावं."
तेव्हा नाना मोठा का सिनीस मोठा, मला घेणं नाही. पण रुंद दरवाजाचं घर ज्याला सुचलं त्याने कधीतरी अशा माणसाला पायरी चढताना बघितलं असेल. आणि ताई, तुमचं खरं आहे. वयाचा मुद्दा मी सोडत नाही, पण तुमचं खरं आहे.

हिंगणा_रोड
सोडू नका काका. मी पण माझा मुद्दा सोडत नाही.

खामल्याचा_जावई
ठीक आहे, 'भारत के वीर'चं मला अर्धंच माहीत होतं, पोहे तर्रीवाल्याने ठेवावे स्वतःकडे. पण त्या मूळ पोस्टवाल्याला एक विचारतो, आपल्या नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला टेरिटोरियल आर्मीकडे आहे, वर्षातून दोन-तीन दिवस लोकांसाठी उघडतो, तिथे जाऊन सेल्फीशिवाय काही केलं का कधी? ७ डिसेंबरला सैनिकांच्या झेंडा निधीत किती टाकले? बसल्या जागी अमेरिका दाखवतो आम्हाला.

मीनल_सिव्हिल_लाइन्स
तुम्ही किती टाकले?

खामल्याचा_जावई
वीस रुपये. ऑफिसमध्ये डबा फिरला म्हणून.

मीनल_सिव्हिल_लाइन्स
प्रामाणिक आहात, तेवढं एक बरं.

रिटायर्ड_सुभेदार_कामठी
भांडण झालं असेल तर एक काम होतं. त्याच जोडीदाराचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला राहिला आहे, नोव्हेंबर संपत आला. मशीनवर अंगठा उठतच नाही, दोन ठिकाणी जाऊन आलो, दोन्हीकडे पायऱ्या. चेहरा दाखवून मोबाइलवर होतं म्हणतात, आम्हाला ते जमलं नाही. कोणाला येतं का?

तर्री_जास्त
मला येतं काका, माझ्या आज्जीचं मीच केलं. आधार अन पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर काढून ठेवा. रविवारी सकाळी कामठीला येतो.

खामल्याचा_जावई
येताना माझ्या दोन प्लेट घेऊन जा तिकडे. नानाचं मात्र मी काही मागे घेत नाही.

हिंगणा_रोड
अन वाटेत एखादा शहाणा मिस्त्री भेटला तर हिंगण्याला पाठवा.