मदत हवी आहे : पोलंडमधल्या मुलांचं इंग्रजी शिबिर

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये तीन आठवडे पोलंडला, माझुरीच्या तळ्यांकडे, शाळकरी मुलांच्या इंग्रजी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट माझं. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढतोय. पण बिनपगारी कामाला पर्यटक व्हिसा चालतो का? कुणी गेलं असेल तर सांगा.

दुसरं, लाजऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना बोलतं कसं करायचं? व्याकरण शाळेत होतंच. मी लगोरी आणि विटीदांडू शिकवावं म्हणतो (दांडू विमानात नेऊ देतील ना?).

मी कोल्हापूरचा. १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, ते मुलांना सांगायचंच आहे. त्या छावणीचे जुने फोटो कुणाच्या घरी आहेत का?