विषय: सागाचे पैसे - १५ एप्रिलच्या आत उत्तर हवंय

मंडळी,
भावजींनी डिसेंबरात लांज्याच्या वाडीतला साग विकला. यांच्या वाट्याचे पैसे एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं खातं) आलेही. तिकडचे सीए म्हणतात, शेतीचं उत्पन्न आहे, कर शून्य. इथला, अमेरिकेतला टॅक्सवाला म्हणतो, १०४० वर, म्हणजे इथल्या टॅक्स रिटर्नवर दाखवा. कोणाचं ऐकायचं?
- अनघा

---

अनघा, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणजे नाही, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १०(१). आमचे आंब्याचे पैसे इतकी वर्षं येतात, कोणी विचारलेलं नाही.
- श्रीकांत

---

श्रीकांतदादा, कोणी विचारलं नाही हे उत्तर नव्हे. नागरिक असो की ग्रीनकार्डवाला, जगभरचं उत्पन्न इथे दाखवावंच लागतं. कलम १०(१) दिल्लीचं, ते आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला लागू नाही. उलट तिकडे कर भरलेला नसल्याने इथे फॉरेन टॅक्स क्रेडिटसुद्धा (परदेशात भरलेला कर इथल्या करातून वळता होणं) मिळत नाही. नवीन माणसं आपली ही ईमेल यादी वाचून रिटर्न भरतात, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

अनघा, तुझे सासरे कधी गेले? वारशाने आलेल्या झाडांची मूळ किंमत म्हणून ते गेले त्या दिवशीचा बाजारभाव धरतात. विक्रीतून तेवढी रक्कम वजा जाते आणि उरलेला नफा लाँग टर्म, म्हणजे ०, १५ किंवा २० टक्के. त्या वर्षीचे वनखात्याच्या आगारातले लिलावाचे भाव काढ. तोड परवान्यासोबत प्रत्येक झाडाच्या घेराची यादी असेल, ती भावजींकडून माग. आणि सगळ्या भारतीय खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल तर एफबारही (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भर.
- मीना

---

खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. साग लावलेला की आपसूक उगवलेला? राजा बिनॉयकुमार सहस रॉय खटल्यात १९५७ साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय: जमिनीवर नांगरट, पेरणी, लागवड असं मूळ काम झालं असेल तरच ते शेतीचं उत्पन्न. रानात आपोआप वाढलेली झाडं नुसती राखली तर नाही. शिवाय १९७० च्या केरळच्या खटल्यात मुळासकट विकलेल्या सागाचे पैसे भांडवली ठरले, शेतीचं उत्पन्न नव्हे. बुंधा ठेवून तोडला तर त्याला फुटवा येतो, ती गोष्ट वेगळी.

आमच्या राजापूरच्या परड्यात वडिलांनी पावसाच्या तोंडावर पहारेने भोकं पाडून बोटभर जाडीच्या जड्या (शेंडा आणि मुळ्या छाटलेली सागाची रोपं) लावल्या होत्या. आजही तो साग दोरी धरल्यासारखा ओळीत उभा आहे. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्याची नोंद आहे. असा पुरावा हवा.
- विनायककाका

---

काका, इथेही भानगड कमी नाही. नॉर्थ कॅरोलायनातला आमचा पाइन एकरकमी दिला तेव्हा १०९९-एस (विक्रीची रक्कम आयआरएसला कळवणारा फॉर्म) आला होता. तीनचार वर्षांत एकदोनदाच विक्री असेल तर फॉर्म टी (लाकूड-व्यवहाराचा आयआरएसचा फॉर्म) लागत नाही, पण हिशेब नीट ठेवावा लागतो.
- संजय

---

संजय, अनघाचा प्रश्न लांज्याचा आहे. आणि करसल्ला अर्थसमितीमार्फतच द्यायचा असं मागच्या सभेत ठरलंय. यादीवर जो तो आपलं मत टाकतो.
- श्रीकांत

---

दादा, समितीची बैठक मे महिन्यात आहे. रिटर्न एप्रिलमध्ये जातं.
- मीना

---

मीनाताई, सासरे २०१८ च्या मेमध्ये गेले. काका, साग लावलेलाच आहे, पीकपाहणीत आहे, आणि बुंधे ठेवलेत. पण त्याच व्यवहारात कडेच्या सहा किंजळीही (रानात वाढणारं इमारती लाकडाचं झाड) गेल्या. त्या आजोबांच्या आधीपासूनच्या, कोणी लावलेल्या नाहीत. व्यापाऱ्याने सगळ्याची एकच पावती केली. किंजळींची रक्कम वेगळी लिहून घेतली तर चालेल ना? तेवढ्यावर तिकडे कर भरू, म्हणजे निदान त्याचं क्रेडिट इथे मागता येईल.

दुसरं, सातबारा सामायिक आहे आणि चुलत दिरांना त्यांचा वाटा रोख हवाय. एका व्यवहाराचे दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाहीत हे भावजींना मी काल फोनवर सांगितलं, पण त्यांना ते लेखी हवंय. काका, तुम्ही मराठीत चार ओळी लिहून द्याल का? चुलत दीर तुमचं ऐकतात.
- अनघा