मदत हवी आहे : तापाचा रुग्ण पुढे पाठवताना सीआरपी, फेरिटिन या तपासण्यांवर किती विसंबावे?

नमस्कार. मी पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात, जंगलाला लागून असलेल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. रोवणी आटोपून निंदण सुरू झाले की आमच्याकडे तापाचे रुग्ण एकदम वाढतात. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात, पण एखादा रुग्ण काही तासांत ढासळतो, आणि नागपूर येथून साडेतीन तासांवर असल्यामुळे तो ढासळण्याआधीच ओळखावा लागतो. सीआरपी (दाहात वाढणारे प्रथिन) आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे, पण दाहातही वाढणारे प्रथिन) यांसारख्या अंगातील दाह दाखवणाऱ्या ज्या रक्ततपासण्या हल्ली सर्रास लिहिल्या जातात, त्यांचा या कामी नेमका किती आधार घ्यावा, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रश्न पडण्याचे कारण सांगते. मागच्या पावसाळ्यात एक तरुण बाई तापाच्या चौथ्या दिवशी केंद्रात आली. डेंग्यूची एनएस-वन चाचणी होकारार्थी होती आणि सीआरपी होता लिटरला ११ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी थोडा. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना हायसे वाटले आणि मलाही वाटले. त्याच दिवशी केलेल्या तपासणीत हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) ३४ आले व अहवालावर त्यापुढे ‘कमी’ असा शिक्का होता. अशक्तपणा आमच्याकडे घरोघरी असल्याने त्या शिक्क्याकडे कोणी पाहिले नाही, मीही पाहिले नाही. संध्याकाळी तिचे हातपाय गार पडले, पोट दुखू लागले, तेव्हा मी गरोदरपणातले तिचे जुने कार्ड काढले. तिचे नेहमीचे हिमॅटोक्रिट होते २७. म्हणजे जो आकडा कमी म्हणून छापून आला होता, तो तिच्यासाठी चतुर्थांशाने वाढलेला होता आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागले होते. १०८ वेळेवर आली, शिरेतून सलाईन वेळेत मिळाले, बाई वाचली. त्या रात्रीपासून मात्र छापील आकड्यावरचा माझा विश्वास उडाला आहे.

मला समजलेले थोडक्यात लिहिते, चुकत असेल तर जरूर दुरुस्त करा. सीआरपी यकृतात तयार होतो आणि त्याला चालना मुख्यतः इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन देते. दाह सुरू झाल्यापासून सहा ते आठ तासांत तो वाढू लागतो, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठतो आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरतो, कारण त्याचे अर्धायुष्य जेमतेम १९ तासांचे आहे. कोविडमध्ये फुप्फुसांतला दाहच रुग्णाला ओढून नेत असल्याने हा आकडा कामाचा ठरला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत टोसिलिझुमॅब या इंटरल्युकिन-६ ला अडवणाऱ्या औषधासाठी रुग्ण निवडताना ऑक्सिजन कमी असण्याच्या जोडीला सीआरपी लिटरला किमान ७५ मिलिग्रॅम असण्याची अट होती. डेंग्यूत मुख्य धोका केशवाहिन्यांच्या गळतीचा असतो आणि तो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, बहुधा ताप उतरतानाच, वाढतो. त्यामुळे कमी सीआरपी पाहून डेंग्यूच्या रुग्णाला निर्धास्तपणे घरी पाठवणे चूक आहे, असे माझे मत झाले आहे.

उलट बाजूही आहे. डेंग्यूसारखाच ताप आणि सीआरपी मात्र फार चढलेला, असे दिसले की मी आता आधी स्क्रब टायफसची शंका घेते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने माणसे दगावली होती. तो विषाणूचा आजार नव्हे, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीने चावल्यावर होणारा जिवाणूचा आजार आहे, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे साधे औषध लागू पडते. म्हणून धुऱ्यावरचे गवत कापणाऱ्या बायांची काख, कंबर आणि जांघ मी स्वतः तपासते, कारण चटका बसल्यासारखी काळी खपली तिथेच लपलेली असते आणि कोणी आपणहून दाखवत नाही.

आकड्यांनी आणखी दोन ठिकाणी फसवले आहे. एका आजोबांचा सीआरपी एका प्रयोगशाळेने ६.८ लिहिला आणि दोन दिवसांनी दुसरीने ५२. मुलगा रडत धावत आला. पहिला आकडा डेसिलिटरमागे होता आणि दुसरा लिटरमागे, म्हणजे प्रत्यक्षात तो ६८ वरून ५२ वर उतरला होता. दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. गावातून येणाऱ्या पुष्कळ रुग्णांना आधीच कोणीतरी डेक्साचे (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे) इंजेक्शन दिलेले असते. त्याने पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, म्हणून दोहोंचे गुणोत्तर खोटेच चढलेले दिसते. सीआरपी मात्र दबतो. इंजेक्शन घेतले का, असे विचारले तर ‘गरमीचे घेतले’ एवढेच उत्तर मिळते.

आता माझे प्रश्न. हिमॅटोक्रिट, प्लेटलेट आणि पेशींचे गुणोत्तर तालुक्यालाच, त्याच दिवशी मिळते. फेरिटिन आणि डी-डायमरसाठी (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण दाखवणारी तपासणी) नमुना नागपूरला जातो आणि अहवाल दुसऱ्या संध्याकाळी येतो. एवढा वेळ आणि मजुराचा एवढा पैसा खर्चून त्या अहवालाने पाठवण्याचा निर्णय खरोखर बदलतो का? आमच्या टोल्यावर सिकलसेलचे रुग्ण आहेत, काहींना वारंवार रक्त चढवलेले आहे, त्यांचे फेरिटिन ताप नसतानाही चढलेलेच असते. आणि लोह कमी असलेल्या बायांची सुरुवातच अगदी खालून होते. अशा दोघांच्या फेरिटिनचा अर्थ तुम्ही कसा लावता? आणि प्रत्येक कुटुंबाचे निरोगी असतानाचे हिमॅटोक्रिट पावसाळ्याआधीच नोंदवून ठेवण्याचा माझा विचार आहे. असे कोणी केले असल्यास ती वही कशी ठेवली, हे कृपया लिहावे.

सध्या तिघे जण तापात आहेत, त्यांतली एक सिकलसेलची मुलगी असून तिचा आज तिसरा दिवस आहे. मी हिमॅटोक्रिट सकाळ-संध्याकाळ करवून घेत आहे, लघवी किती वेळा झाली ते आशाताई लिहून ठेवतात, आणि पोटदुखी, सततची उलटी, सुस्ती किंवा हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसताच अहवालाची वाट न पाहता गाडी बोलावण्याचे ठरवले आहे. नमुन्यांची गाडी उद्या सकाळी अकराला निघते. त्याआधी निदान तिच्याबाबत कोणी मार्गदर्शन केल्यास फार उपकार होतील.