आधी दारू, मग डोकं? नाही, दोन्ही एकत्रच!

रस्त्यावर राहणाऱ्या, दारू पिणाऱ्या मनोरुग्णाबद्दल काही जण म्हणतात, 'आधी दारू सोडवा, मग डोक्याचं बघू'. हे मत मला अजिबात पटत नाही. भुसावळ स्टेशनबाहेर वैशाखात दोन-दोन स्वेटर घालून स्वतःशी बोलत बसलेला माणूस बरेचदा कानातले आवाज थांबावेत, झोप लागावी म्हणूनच पितो. सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा कप धरवत नाही. अशाची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांच्याच देखरेखीत व्हायला हवं.

कागदपत्रं नसतील तर उपचार कसे मिळणार, असं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेघरांना सरकारी मानसोपचार मोफत आहेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. रस्त्यावर असा कुणी दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात पोचवायचं असतं, कोठडीत टाकायचं नसतं (कलम १००). पोलिसांशी बोलताना हे कलम जरूर सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मोफत आहे, मराठीत बोलता येतं.